बुटित आमाने कॅमेरा शेकला

आमच्या किब्बर गावात थंडीत लांबलांबून माणसं हिमबिबट्याचे फोटो काढायला येतात. त्यांना तो बर्फातून हुडकून देते ती छुलतिम. शिक्षण चौथीपर्यंत, नजर घारीची. एका पाहुण्याने जाताना आपला जुना कॅमेरा तिला दिला, तेव्हापासून तीही फोटो काढते. मी इथे नर्स म्हणून आले त्याला एकोणीस वर्षं झाली. राहते तिच्याच घरी.

तिला एक फोटो हवा होता, सासूसाठी. बुटित आमाने पन्नास वर्षं शेळ्या राखल्या. हिमबिबट्याने मारलेल्या अकरा शेळ्या तिने स्वतः उचलून आणल्या, पण तो काही कधी दिसला नाही. आता गुडघे गेले. "मरायच्या आधी त्या चोराचं तोंड तरी दाखव गं," हे रोजचंच.

गार पडलेला कॅमेरा छुलतिम घरात आणत नसे, बाहेरच्या गोवऱ्यांच्या खोलीतच ठेवायची. एका संध्याकाळी ती याकांना चारा टाकायला गेली आणि आमाने तो आणून चुलीशी ठेवला, शेकून झाल्यावर परत जागेवर. गारठून आलेल्याला आमच्याकडे आधी चुलीशी बसवतात, नाव मग विचारतात.

सकाळी घळीपलीकडच्या कड्यावर हिमबिबट्या शिकार खात बसलेला. इतका समोर तो कधीच आला नव्हता. छुलतिमने कॅमेरा डोळ्याला लावला, तर उबेत भिंगाच्या आत धरलेली वाफ थंडीत गोठून सगळं पांढरं.

"आमा, कॅमेरा कुणी हलवला?"

"मीच. दिवसभर बर्फात होतं बिचारं. का, ताप आला त्याला?"

आता वाजणार, असं मला वाटलं. छुलतिमने कॅमेरा बाजूला ठेवला. मग सासूकडे पाठ करून खाली बसली.

"चढा पाठीवर."

"कुठे नेतेस?"

"गच्चीवर. पोट भरेपर्यंत तो हलायचा नाही."

"मी जड आहे गं."

"गोवऱ्यांची टोपली जड असते. तुम्ही नुसत्या बोलायला भारी!"

मी शिडी धरली, खालून आधार दिला. गच्चीवर पाहुण्यांची दुर्बीण होतीच. आमाने डोळा लावला तो काढेच ना.

"अकरा शेळ्या खाऊन असा देखणा झालास होय रे, मेल्या!" ती म्हणाली, आणि तिने हात जोडले.

छुलतिम तोंड फिरवून डोळे पुसत होती. त्या संध्याकाळी दिवा लावताना मी देवाकडे काही मागितलं नाही, त्या गोठलेल्या भिंगाबद्दल आभार तेवढे मानले.

कॅमेरा दोन दिवसांत सुकला. आमा मात्र त्याच्यावर अजून रुसलेली आहे. आमच्या चुलीची ऊब सोसत नाही म्हणजे काय!