सात नंबरचं बटण

ज्या ऑफिसात माणसंच येत नाहीत तिथे किस्से कसले घडणार, असं तुम्हाला वाटेल. घडतात हो! उलट जास्तच साठतात, कारण ऐकायला शेजारी कुणी नसतं. मग तुमच्यासारखं कुणी तावडीत सापडलं की सुटका नाही.

आमची टीम मँचेस्टरची, पण सगळे घरूनच काम करतात. लॅबमध्ये एका रॅकवर तळहाताएवढे बारा कॉम्प्युटर बोर्ड आहेत. पुढे ते लिफ्टमध्ये बसतात. जो तो आपापल्या घरातून त्यांच्यावर प्रोग्रॅम चढवतो. प्रोग्रॅम गंडला की बोर्ड गोठतो, आणि मग कुणाला तरी प्रत्यक्ष जाऊन त्याचं रीसेटचं बटण दाबावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. का? तर मी एकटा राहतो आणि ट्रामने पंधरा मिनिटांवर!

आईला हे व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "समीर, अरे आपल्या सोसायटीचा वॉचमन सकाळी पंप चालू करतो, तसंच ना?"

तसंच, आई.

*

लॅबमधले दिवे माणूस हलला तरच चालू राहतात. मी कोड वाचत बसलो की दहा मिनिटांत अंधार! मग हात वर करून हलवायचे.

मृणाल आमची मॅनेजर. आईवडील डॉक्टर म्हणून इकडे आले, हिचा जन्म इथलाच, पण माझ्याशी हट्टाने मोडक्यातोडक्या मराठीतच बोलते. एकदा कॉलवर मी मोठ्या धाडसाने विषय काढला. म्हटलं, "मृणाल, आठवड्यातून एक दिवस तरी सगळ्यांनी यायला काय हरकत आहे? मला इथे फार..."

तेवढ्यात दिवे गेले. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"ओके समीर, बाय बाय!" म्हणून तिने कॉल बंद केला!

*

एकदा सहा नंबरच्या बोर्डावर साधा दिवा लुकलुकवायचा होता. प्रोग्रॅम चढवला, दिवा नाही. बदलला, पुन्हा चढवला, नाही. वायर बदलली, स्वतःच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी वैतागून खुर्ची मागे ढकलली, तर रॅकच्या वरच्या कप्प्यात पाच नंबर सकाळपासून मस्त लुकलुकतोय! पत्ताच पाचचा टाकला होता मी.

मागे कुणी बसलेलं असतं तर दोन मिनिटांत म्हणालं असतं, "अरे ए बावळट, इकडे बघ!" बावळट म्हणायलासुद्धा माणूस लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

*

आता डेरेक. हा एडिनबराहून काम करतो. साठीचा, बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलं नाहीत. आयुष्यभर बोर्डच केलेला माणूस. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीवर तो साध्या भाषेत टीप लिहितो. 'इथे एक सेकंद थांबायचं. घाई करू नये.' अशा!

मी एकदा चिडवलं, "डेरेक, एक सेकंद थांबायचं हे कोडमध्ये दिसतंच आहे की. टीप कुणासाठी?"

"मागाहून येणाऱ्यासाठी."

"मागाहून कोण येणार आहे?"

"येईल की रे कुणीतरी!"

एवढा पोचलेला गडी, पण दर मंगळवारी पावणेअकराला त्याचा सात नंबर हमखास गोठायचा. फोन यायचा, "सॉरी समीर, सात नंबर पुन्हा रुसलाय." मी बटण दाबायचो. बोर्ड उठून तपासण्या संपवेपर्यंत दहा मिनिटं जातात, तेवढा वेळ आमच्या गप्पा. मी काय रांधलं ते तो आधी विचारणार. माझ्या सांगण्यावरून त्याने मोहरी आणली आणि पहिल्याच फोडणीत घरातला धुराचा अलार्म वाजवला!

खरं सांगतो, आठवड्यात आई सोडली तर कामाशिवाय माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस. मंगळवारी मी दाढी करून जायचो. फोनवर दिसणार होती थोडीच!

*

एक दिवस मृणाल कॉलवर एकदम खूश. "समीर, मी तुझ्यासाठी सरप्राइज ऑर्डर केला आहे!"

सरप्राइज म्हणजे बारा रिले. एकेका बटणाला एकेक जोडायचा, की ज्याला त्याला घरबसल्या रीसेट करता येईल. "तुझा रोजचा ट्राम वाचली! तू पण घरी, वी आर ऑल घरी!"

काय बोलणार? मनापासून केलं होतं बिचारीने. थँक्यू म्हटलं. पण घरी म्हणजे माझी ती एक खोली, खिडकीतून समोरची भिंत. आणि डेरेक आता फोन कशाला करेल?

*

रिले बसवण्याआधी प्रत्येक बोर्डावरचे जुने प्रोग्रॅम उतरवून घ्यायचे होते. सातवर डेरेकचे लांबलचक प्रोग्रॅम होते. त्यांच्या मध्ये मध्ये एक चिमुकला प्रोग्रॅम, पुन्हा पुन्हा चढवलेला. दर मंगळवारी, दहा चाळीसला.

उघडला. दोनच ओळी. पहिलीने दिवा लागतो. दुसरी नुसती जागच्या जागी गोल गोल फिरत राहते. सवयीप्रमाणे तिच्यावर टीप होती.

'समीर बटण दाबेपर्यंत इथेच थांबायचं. घाई करू नये.'

दिवे गेले, तरी मी हात हलवले नाहीत.

मग उठून अकरा रिले बसवले.

"सातला का नाही?" मृणालने विचारलं.

"सातला चालत नाही तो."

"मग मंगळवारी तुला यायला लागेल!"

"येईन."

मंगळवारी पावणेअकराला फोन वाजला. "सॉरी समीर, सात नंबर पुन्हा रुसलाय."

"बघतो," मी म्हटलं. "थांब, आधी चहा ठेवतो."