मृत विद्यार्थिनीला कारणे दाखवा नोटीस

मी एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कारकून आहे. राहतो वसईच्या एव्हरशाईन सिटीत, त्यामुळे वसई-विरारकडचा कुठलाही कागद ‘तुम्ही तिकडचेच ना, जाता जाता द्या’ म्हणत माझ्या गळ्यात पडतो. अशाच एका शुक्रवारी वसईजवळच्या जूचंद्र गावचा पत्ता असलेलं पाकीट टेबलावर आलं. आत कारणे दाखवा नोटीस होती. जिच्या नावाने होती, ती आमची संशोधक विद्यार्थिनी दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती.

हे कसं घडलं ते सांगतो, कारण यात माझेही हात बरबटलेले आहेत. बाहेरची समिती तपासणीला येणार असली की आमच्याकडे सुरक्षा समितीची फाईल तयार होते. एरवी ती सुरक्षा समिती नसतेच. समन्वयक व्हायला एकही प्राध्यापक राजी नसतो, म्हणून सगळ्यात नव्या विद्यार्थ्याचं नाव घालायचं, त्याला न विचारता, अशी पद्धत आहे. त्या वर्षी सगळ्यात नवी ती होती. विभागप्रमुख सरांनी सांगितलं, मी नाव घातलं. तपासणीवाले आले, काजू खाऊन, फाईल चाळून खूश होऊन गेले.

पुढे प्रयोगशाळेतल्या विषारी, पेट घेणाऱ्या वाफा बाहेर ओढणारा पंखा बंद पडला. तिने विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली. सरांनी शेरा मारला: ‘सुरक्षा समन्वयकांकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी.’ मी तो अर्ज फाईलला लावला. अशा तीन तक्रारी तिने केल्या आणि तिन्ही तिच्याकडेच गेल्या, तिला पत्ताही नसताना. तिसऱ्या वेळी मला हसू आलं होतं. त्या हसण्याची आता शिसारी येते.

साचलेल्या वाफांचा स्फोट होऊन ती गेल्यावर चौकशी समितीने फाईल वाचली आणि जबाबदार व्यक्ती सापडली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. नोटिशीत लिहिलं होतं: तीन तक्रारी मिळूनही कारवाई का केली नाही, याचा सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा दोष मान्य आहे असे समजण्यात येईल.

“सर, ती वारली आहे,” मी म्हणालो.

“म्हणून तर घरचा पत्ता टाकलाय,” विभागप्रमुख म्हणाले. “पोच घेऊन या.”

रविवारी जूचंद्रला गेलो. तिच्या वडिलांनी नोटीस दोनदा वाचली. मग विचारलं, “सही कोनाची पायजे?”

“जिच्या नावाने आहे तिची,” मी बोलून गेलो. नियम तोच होता. पण बोललो आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ते संतापले नाहीत. आतून एक कोरा कागद घेऊन आले. “मना सरकारी लिवता येत नाय. खुलासा तुमीच लिवा. पयलं लिवा, पोर मेली.”

लिहिलं.

“आता लिवा, तिचा नाव कोनी टाकला.”

माझं पेन अडलं. निवृत्तीला चार वर्षं होती. तोपर्यंत हा माणूस मला फक्त कागद आणणारा समजत होता, आणि तसंच समजू द्यावं, असा मोह मला झाला. ते समोर बसून वाट बघत राहिले. शेवटी लिहिलं: ‘सदर नाव विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून, विद्यार्थिनीस न विचारता, मी घातले. तिच्या तक्रारी तिला पाठवल्याचे तिला कधीही कळवले नाही.’ खाली सही केली.

त्यांनी कागद वाचला. मग स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. वसईत माणिकपूरला झेरॉक्सचं दुकान उघडं होतं. प्रत त्यांनी माझ्या हातात दिली आणि मूळ कागद घडी करून खिशात ठेवला.

“ही तुमच्या सायबाला द्या, पोच म्हनून. खरा कागद मी पोलिसांना देतो,” ते म्हणाले. “ते विचारतील, कोनी लिवला. येता का?”

मी पुन्हा मागे बसलो. त्यांनी गाडी पोलीस ठाण्याकडे वळवली.