पूर्णेच्या डोहावरची दोरी

आमची तुकडी तेव्हा पूर्णेच्या घाटावर होती. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आलेला. अकोला म्हणू नका, अमरावती म्हणू नका, जिकडे तिकडे कापसाच्या गाड्या. नावेत आधी कोण चढणार यावरून गाडीवाल्यांची मारामारी व्हायची. ती सोडवणं ही आमची ड्यूटी. मी हवालदार. बंदुकीपेक्षा घसाच जास्त चालवला.

अशात एका व्यापाऱ्याच्या गाठी दाबायच्या यंत्राचा लोखंडी स्क्रू नावेवरून घसरला आणि डोहात गेला. कॅप्टन साहेबांची ऑर्डर आली : बुडी मारणारे आणा, आधी त्यांना ट्रेनिंग द्या, आणि माणूस पाण्यात असेपर्यंत काठावर सुपरवायझर हवाच. सुपरवायझर म्हणजे अस्मादिक.

बुडी मारणारा शंकर भोई. दोरी धरायला त्याचा साळा महादू. दोरीचं एक टोक शंकरच्या कमरेला, दुसरं महादूच्या हातात. एक झटका म्हणजे ढील दे, दोन झटके म्हणजे ओढ. मी दोघांची वाळूतच परेड घेतली.

"हवालदार, मले जमिनीवर काहून बुडवून राहिले?"

"ऑर्डर आहे."

"मंग बुडतो." आणि तो भला माणूस नाक दाबून वाळूत बसला.

जेवल्याबरोबर बुडी नाही, एकट्यानं बुडी नाही, दोरी हातची सुटता कामा नये. सगळं घोकून घेतलं. महादू तर येता-जाता म्हणायचा. मला वाटलं, झाली तयारी.

शंकर खाली गेला. पाणी गढूळ, काही दिसेना. तेवढ्यात घाटावर पाटलांची बैलांची दमणी थांबली.

"राम राम, महादू!"

आता पाटलांना एका हातानं राम राम कसा घालायचा? महादूनं दोन्ही हात जोडले.

"राम राम, पाटील!"

दोरी सुळकन् पाण्यात गेली.

"दोरी!" मी बोंबललो. महादूनं पागोट्यासकट उडी टाकली. मी लढाई पाहिलेली आहे, पण असा घाबरलो नव्हतो. शंकरचा जीव त्या दोरीवर, आणि दोरी सापडेना. शेवटी महादूच्या हाती टोक लागलं. मी, माझे शिपाई, खुद्द पाटील, सगळे चिखलात फतकल मारून ओढत होतो. खाली स्क्रूच्या दोरखंडात गुंतलेला शंकरचा पाय सुटला आणि तो वर आला, काळानिळा. खोकला, पाणी ओकला, डोळे उघडले. समोर चिखलानं माखलेले पाटील. पडल्या पडल्या त्यानं हात जोडले.

"राम राम, पाटील."

साहेबांना रिपोर्ट द्यावा लागला.

"ॲक्सिडेंट का कारण?"

"हुजूर, राम राम."

"ये राम राम कौन है? पकड़ के लाओ!"

समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या दिवशी शंकरची बायको सखू घाटावर आली. भावाच्या हातातली दोरी तिनं हिसकावून घेतली आणि मनगटाला वेढा दिला.

"बाई, ऑर्डरमध्ये बायकांचं नाव नाही."

"मंग टाका म्हणा साहेबाले. कुकू माह्यं आहे, त्याचं नाही."

काठावरचे गाडीवाले हसले. शंकर उतरता उतरता म्हणाला, "हासता कायले? लगन झाल्यापासून दोरी तिच्याच हाती आहे."

पाटील पुन्हा आले. त्यांनी राम राम घातला. सखूनं मानसुद्धा वर केली नाही. पाटील बिचारे जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले, आणि स्क्रू निघाला.

त्यानंतर त्या नवरा-बायकोनं नदीतून काय काय काढलं. मी पेन्शनीत आल्यावर एक दिवस निरोप आला की शंकर पटकीच्या साथीत गेला. मी धावत पोचलो. महादू दारात ढसाढसा रडत होता, मलाही आवरेना. सखू खाटेजवळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर टाकून.

"हवालदार," ती म्हणाली, "पान्यात असता तं म्या ओढला असता."