पोटुशीचा घोट

"ह्या बाया देवाचं नाव सांगून पोटातल्या लेकराला दारू पाजतात," आरोग्याच्या मॅडम माइकवर म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "या ताईंनीच मला सांगितलं."

दुष्काळाचं साल. माजलगावकडच्या एका सहकारी कारखान्यानं चारा छावणी लावलेली, तिथल्याच मंडपात गरोदर बायांचा मेळावा. पुढच्या खुर्चीवरचा एक संचालक दूध वाटणाऱ्याला म्हणाला, "मग ह्यांना दुधाची पिशवी कशाला देतो रे? क्वार्टर दे!"

मंडप हसला. माझ्या शेजारी माझी सून होती, सातव्या महिन्यातली. तिनं पदर पोटावर ओढला.

मी सांगितलं होतं, हे खरं. पण काय सांगितलं होतं?

आम्ही भिल्ल. देवाच्या जेवणाला आधी पूर्वजांसाठी भुईवर दारूची धार सोडायची, मग सगळ्यांनी घोट घ्यायचा. पोटुशीनंही. मॅडम तीन महिने माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. कोरा चहा प्यायल्या. दारूनं पोटातल्या लेकराच्या मेंदूला इजा होते, हे त्यांनीच समजावलं. मला पटलं. पण देवाचा घोट नाकारायचा कसा? वाट माझ्या सासूनं काढली.

"पोटुशीचा घोट बी भुईलाच द्या. पूर्वज काय परके हायेत? लेकरू त्यांचंच हाय."

वस्तीत तेव्हा सहा जणी गरोदर होत्या. पाच जणींनी घोट भुईला दिला. सहावीकडं मी रोज समजवायला जात होते.

मंडपात यातलं काहीच आलं नाही. मी उठले.

"मॅडम, पाच जणींनी सोडली, ते सांगा. आमच्या म्हातारीनं सोडवली, ते सांगा."

"ताई, वेळ कमी आहे. बसा." त्या हसत होत्या.

सुनेला धरून मी बाहेर पडले. दूध घेतलं नाही.

देवाच्या पुढच्या जेवणाला सासूनं स्वतःच सुनेपुढं वाटी धरली. "पी. त्यांच्या लेखी तू प्यालेलीच हायेस."

"आत्याबाई," मी म्हणाले, "राग त्यांच्यावर हाय. घोट लेकराला जाईल."

सासूनं वाटी खाली ठेवली. भुईला मात्र दिली नाही. "चुलीपाशी तूच बसवलंस त्या मॅडमला," एवढंच म्हणाली. सहावीनंही मला दारातूनच परत पाठवलं.

महिन्यानं मॅडमची गाडी आली. "ताई, अजून थोडी माहिती हवी होती."

"पोटुशीनं दारू पिऊ न्हाई, हे मी मरेपर्यंत सांगणार," मी म्हणाले. "आमच्या बोलीत, आमच्या वस्तीवर. पण माझ्या घरात ऐकलेलं तुमी खुर्च्यांपुढं हसायला दिलं. आधी त्याच लोकांपुढं, त्याच माइकवर पाच जणींचं सांगा."

"मंडप तर काढला आता."

"मग दुसरा घाला. तवर आत यायचं न्हाई."

मी कडी लावली आणि त्यांच्या गाडीसमोरून सहावीच्या घराकडं निघाले. ती आजही हाकलेल. मी उद्याही जाईन.