आक्का जागेवरून उठायची नाही

आक्काला जाऊन पाच आठवडे झाले. कोडोलीहून तिच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा फोन आला, आमची आई गेली म्हणून, तेव्हा मी शाळेच्या गेटात गाडी लावत होतो. रडू आलं नाही. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं... लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दोन म्हशींवर संसार ओढलेली, तोंडानं फटकळ. धाकटा भाऊ, म्हणजे मी, कोल्हापुरात मास्तर झाला, गावच्या चर्चचा पंच झाला, याचा डंका तिनंच पिटला. आमची आई अंथरुणाला खिळली, ती दोन वर्षं आक्काकडे. मी आपला रविवारी सफरचंदं घेऊन जायचो. आईच्या शेवटच्या दिवशी आक्कानं तीनदा फोन केला. आई माझं नाव घेत होती. त्या दिवशी कोल्हापुरात प्रार्थनासभेत माझा उपदेश होता. उरकून येतो म्हणालो. पोचलो तर आईची हनुवटी बांधून झाली होती, आणि चारचौघांत मी म्हणालो, देवाची इच्छा.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीची भाकर सगळ्यांना देतात. आधी पाळकसाहेब सांगतात, आपापलं मन तपासा. कुणाविषयी राग असेल, कुणाचा आपल्यावर असेल, तर तो मिटवून मगच भाकर घ्यायला पुढं या. आई गेली त्या महिन्यापासून आक्का उठेनाशी झाली. रांगेत मी पहिला, ती बाकावर पदर धरून बसलेली. अशी सहा वर्षं! मला खाली बघायला लावायला नाटक करते, असं मला वाटायचं. एकदा मुद्दाम मी बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोललो. वाटेवर, खडकावर पडलेलं बी, तसं कडक मनात देवाचं वचन कसं वाया जातं, ते तिच्याकडं बघून बघून सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली,

"माझी जमीन कडक झालीया, मला ठाऊक हाय. तुझ्यावरचा राग जात न्हाय, म्हणून मी उठत न्हाय. तू तुझी कधी बघितलीस व्हय?"

मी तिला घमेंडखोर म्हणालो.

मग तिच्या किडन्या गेल्या. दवाखान्यानं हात टेकले, घरी आणली. तिला भाकर घ्यायची होती, पाळकसाहेब आले, आणि तिनं मला बोलावून घेतलं. हात धरून म्हणाली, "एकदा चुकलो म्हण की. मला राग सोडून जायचं हाय."

एवढंच मागितलं. पण भाचा होता, सून होती, पाळकसाहेब होते... पंचानं त्यांच्यासमोर कसं म्हणायचं? "आता जुनं कशाला उकरायचं, आक्का? प्रार्थना करूया," म्हणालो आणि मोठ्यानं प्रार्थना केली. छान झाली, असंही वाटलं. डोळे उघडले तर तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं. पाळकसाहेबांनी भाकर परत फडक्यात गुंडाळली. चौथ्या दिवशी ती गेली.

परवाच्या रविवारी पाळकसाहेब नेहमीसारखं म्हणाले, मन तपासा. आयुष्यात पहिल्यांदा तपासलं. रांग निघाली, मी बसूनच राहिलो. भाचा वाकून हळूच म्हणाला, "मामा, चला की. आता तुमच्यावर कुणाचा राग न्हाय."

खरं आहे. जिचा होता, ती तो घेऊनच गेली.