शीळ गप्प होईपर्यंत

ये गं, अशी जवळ बस. आणि आधी ते कानातलं काढ. दोन महिन्यांनी मावशीकडे यायचं आणि कानात बुचं घालून बसायचं, ही कुठली रीत? शिवाय मागच्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या भावजींच्या टेबलावरचा खोका बघून "मावशी, हे अजून भंगारात कसं नाही दिलं?" म्हणालीस, तेही त्यांच्यासमोर. त्यांना ऐकू आलं नाही म्हणून निभावलं. पण तुला सांगते, यंत्राचा ठोका चार रुपयांत बनवून देणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच झाला, आणि तो तीस वर्षं माझ्या डोक्यावर राहतोय.

तू इंजिनिअर, तुला मी काय सांगायचं; पण मी सातवी पास, भावजींनी मला सांगितलं तसं सांगते. यंत्रातल्या चिपा म्हणजे भजनाला बसलेल्या बायका. एकेकीचा गळा चांगला, पण कुणी टाळ धरला नाही तर प्रत्येकीचा अभंग वेगळ्या वेळी संपायचा. हा टाळ म्हणजे क्लॉक. त्यासाठी ठरलेला ठोका देणारे तयार क्रिस्टल मिळायचे, पण त्या दिवसांत हवा तो क्रिस्टल मागवायचा तर शंभर घ्या आणि दोन महिने थांबा. आला तरी हट्टी. "वहिनी, क्रिस्टल म्हणजे नारायण पेठेतला दुकानदार," भावजी म्हणायचे, "विचारा काहीही, उत्तर एकच." म्हणून ते एक स्वस्तातली चिप, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि एक बारका स्क्रू एवढं एका हिरव्या पट्टीवर, म्हणजे कार्डावर, जोडून भागवायचे. स्क्रू फिरवाल तसा ठोका जलद नाहीतर संथ.

आता तो मोजायचा कशानं? मोजायचं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी रेडिओला कामाला लावलं. कार्ड रेडिओजवळ नेलं की रेडिओ बारीक शीळ घालतो. स्क्रू फिरवत गेलं की ती खाली खाली येते, घुमते, गुरगुरते आणि गप्प होते. गप्प झाली की कार्डाचा ठोका आकाशवाणी केंद्राच्या लहरीशी जुळला; मग त्याचे भाग पाडून हवा तेवढा हळू करायचा. पण गाणं लागलं की शीळ ऐकू येणार कशी? त्यामुळे ज्या वक्त्याला सगळे श्रोते कंटाळतात, तो भावजींचा लाडका. कोबीवरच्या अळीबद्दल बोलणारे एक गृहस्थ होते, दर वाक्यानंतर पाणी प्यायचे. त्यांचं भाषण पुन्हा लावा, म्हणून भावजींनी केंद्राला पत्र धाडलं. "विषय कोणताही चालेल, पण पाणी भरपूर ठेवावे."

लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर जवळ आला की ठोका बिघडतो, म्हणून माझी विणकामाची प्लॅस्टिकची सुई तासली गेली. स्वेटर अर्धाच राहिला. उन्हाळ्यात कारखान्याच्या पत्र्याखाली ठोका सरकू नये म्हणून कार्डं तापवून बघायची असत. ती कुठे, तर माझ्या पोळ्यांच्या डब्यात. एकदा यांच्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. तिसऱ्या पोळीखाली हिरवं कार्ड निघालं. साहेब बघतच राहिले, आणि जिन्यातून भावजींचा आवाज, "वहिनी, झाकण उघडू नका हो! अजून पाच मिनिटं!"

मग भावजींच्या कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती काढली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती भावजींची. घरात दोन शिकणारी मुलं. त्यात हडपसरच्या एका कारखान्यानं साठ कार्डं मागितली. पसंत पडली तर दर महिन्याला काम, नाहीतर राम राम. भावजी रात्रंदिवस त्याच नादात. एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले, तर स्वारी खूश. "वहिनी, माझा हात बसला बघा. कार्डं आपोआप जुळून येतायत, स्क्रूला हातसुद्धा लावावा लागत नाही. ऐका, शीळच नाही!"

मी ऐकलं. शीळ होती. डासासारखी, बारीक, उंच. मला लख्ख ऐकू येत होती.

कप हातात धरून मी उभी. वयानं आधी बारीक आवाज जातात, हे मला कुठं ठाऊक? पण कळायचं ते कळलं. साठच्या साठ कार्डं तशीच डब्यात भरलेली, आणि दोन दिवसांनी न्यायची. शेवटी म्हटलं, "भावजी, डास फार झालेत का हो तुमच्याकडे?"

"कुठेत डास?"

मी रेडिओकडे बोट दाखवलं. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहावर साय धरली. मग ती विणकामाची सुई माझ्यापुढे धरून म्हणाले, "घ्या. तुमचीच आहे."

दोन दिवस आमच्या घरी पिठलंभात. मी कान लावायचे, स्क्रू फिरवायचे, ते शेजारी श्वास रोखून बसायचे, आणि मी "गप्प" म्हटलं की सोडायचे. साठही कार्डं झाली. हडपसरला मला सोबत नेलं. तिथला तरणा इंजिनिअर मोजायच्या यंत्रावर एकेक कार्ड लावत गेला आणि चक्रावला. "काका, एकदम ओके आहेत सगळी. काउंटर कुठला वापरता?"

"ह्या."

"नाही, म्हणजे मेक कुठला?"

"भोर," भावजी म्हणाले. "माहेर आहे त्यांचं."

मुलांची शिक्षणं त्या कामावर झाली बघ. आता क्रिस्टल चण्याफुटाण्यासारखे मिळतात, भावजींच्या कार्डांना कोण विचारतो? पण तो खोका, ज्याला तू भंगार म्हणालीस, त्यात त्या वेळचं जास्तीचं एकसष्टावं कार्ड आहे. दिवसभरात त्याचा ठोका सरकतोच. रोज संध्याकाळी मी वर जाते, आम्ही ते रेडिओजवळ धरतो, ते स्क्रू फिरवतात, मी "गप्प" म्हणते, मग चहा. परवा मात्र कार्ड नुसतं रेडिओजवळ नेलं आणि मी म्हटलं, "गप्पच आहे की." भावजींनी सुई तशीच हातात धरली. म्हणाले, "वहिनी, जुळलंय, का आता आपल्या दोघांचेही कान गेले?" आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

आज ते लेकीकडे कात्रजला गेलेत, बुधवारी येतील. तेव्हा महिने लावू नकोस, या रविवारीच ये. पिठलंभात करीन. आणि कान मोकळे घेऊन ये. आम्हाला कुणीतरी खरं सांगायला हवंय.