बत्तीस शाबूत

शिवणकामवाल्या काकू गोडाला हात लावत नसत. रोज मिठाच्या गुळण्या, जेवणानंतर कच्चं गाजर. गल्लीत कुणाची दाढ ठणकली की लवंग घेऊन ह्याच हजर. नवऱ्याच्या लेखी ही सगळी बायकी खुळं. काकू जरा हसल्या की तो खेकसायचा, "दात काय काढतेस?" काकू मुकाट ओठ मिटायच्या. चाळीस वर्षं त्या दातांनी फक्त दोरे तोडले.

परवा नवऱ्याला कवळी बसवली. डॉक्टरांनी काकूंचंही तोंड तपासलं. "बत्तीसच्या बत्तीस शाबूत! हसा की जरा, काकू."

काकूंनी ओठ ताणून पाहिले. हसू काही येईना.

नवी कवळी दाखवत नवरा खदाखदा हसला. "अगं, काढ की आता दात!"